एक नंबरचं कार्ड

डोळेवालीच्या कारखान्यात एक नियम होता: जुना डोळा ठेवायचा तो पालथा. गिऱ्हाईक नवा डोळा बसवून गेलं की जुना धुवायचा, पुसायचा, बुबुळ खाली करून त्याच्या नंबरच्या खणात ठेवायचा आणि खण लावून टाकायचा. नियम बाबांचा. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, असं का? बाबा ब्रश धुताधुता म्हणाले होते, "उताणे ठेवले तर उगाच बघत बसतात." ती खदखदून हसली होती. बाबा हसले नव्हते, पण बाबा तसे कशालाच पटकन हसत नसत.

कारखाना हे नाव जरा मोठंच झालं. होत्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली रंगाचं टेबल, त्यावर आरसा, कोपऱ्यात कॉम्प्युटर. मागच्या खोलीत पॉलिशचं चाक, गरम पाण्याचं भांडं आणि भिंतभर काडेपेटीएवढे खण. लोक काचेचा डोळा म्हणतात, पण काच कुठली, सगळं अ‍ॅक्रिलिक. खोबणीचा साचा घ्यायचा, मेणाचा आकार करायचा, त्यावरून पांढरा डोळा ओतायचा, बुबुळ हातानं रंगवायचं, लाल रेशमाचा धागा उसवून त्याच्या शिरा चिकटवायच्या आणि वर पारदर्शक थर. तासन्‌तास मान मोडून बसावं लागतं, आणि काम उत्तम झालं की कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. हा एकच धंदा असा असेल, की ज्यात कुणी वळून बघितलं तर समजायचं, काम बिघडलं.

बाबा मुळात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मुलगी चार वर्षांची असताना सायकलच्या मोडक्या तारेवर पडली आणि तिचा डावा डोळा गेला. दवाखान्यातून जो तयार डोळा मिळाला, तो करडा होता. "माझ्या पोरीला दुसऱ्याच कुणाच्या पोरीचा डोळा लावलाय," म्हणून बाबा तीन दिवस जेवले नाहीत आणि चौथ्या दिवशी पाट्यांचे रंग घेऊन बसले. जमायला वर्ष गेलं. म्हणून कारखान्यात ती एक नंबर. तिच्यानंतर हजारावर माणसं येऊन गेली, आणि प्रत्येकाचं कार्ड कॉम्प्युटरमध्ये होतं: खोबणीचं माप, पांढऱ्याची छटा, बुबुळाला कुठला रंग किती थेंब.

एक नंबरचं कार्ड तेवढं कोरं होतं. रंगाच्या जागी बाबांनी दोनच शब्द लिहिले होते, "डोक्यात आहे."

ते डोकं सात महिन्यांपूर्वी गेलं. रीतसर, झोपेत, कुणाला काही न सांगता.

तिचा सातवा डोळा पाच वर्षांचा झाला होता आणि आता घासत होता. खोबण लाल झाली होती. डॉक्टरीणबाईंनी साचा घेऊन दिला आणि बजावलं, "तीन आठवडे. त्यानंतर हा घातलात तर खोबण आकसेल, मग कुठलाच डोळा बसणार नाही." डोळेवाली घरी आली आणि आरशासमोर बसून राहिली. दुसऱ्या कुणाचाही डोळा तिनं रंगवला असता. पण या धंद्यात स्वतःचा डोळा कुणी रंगवत नाही. आरशात माणसाला आपला चेहरा दिसतो, बुबुळ दिसत नाही. त्यातून तिला बघायला एकच डोळा, आणि रंगवायचाही तोच बघून. करड्या डोळ्यानं फिरलेलं ते एक वर्ष तिला अजून आठवत होतं. शाळेतल्या मुली तिच्याशी बोलताना तिच्या खांद्याकडे बघायच्या.

मार्ग एकच होता, बुबुळाचा जवळून फोटो काढणारा नवा कॅमेरा. तो तिनं आणलाही. पण त्याला चालायला कॉम्प्युटरची अकरावी आवृत्ती हवी होती, आणि बाबांचा कॉम्प्युटर तिसऱ्यावर होता.

म्हणून तिनं वायऱ्याला बोलावलं. वायऱ्या तिचा आतेभाऊ. लहानपणापासून गळ्यात कुठली तरी वायर अडकवून फिरायचा, आता त्यावरच पोट भरत होता.

"ताई, हे यंत्र नाही, हा वाडवडिलांचा ठेवा आहे," तो कॉम्प्युटरवरची धूळ फुंकत म्हणाला. "तिसऱ्यावरून एकदम अकराव्यावर जाता येत नाही. आधी पाचवी, मग आठवी, मग अकरावी. प्रत्येक उडीनंतर दोन दिवस वापरून बघायचं, काही मोडलं नाही ना. मग पुढची."

"आणि कार्डं?"

"कार्डांना धक्का लागणार नाही. शिवाय जुनं सगळं तो टाकत नाही लगेच. 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये घडी घालून ठेवतो. चालत नाही, नुसतं पडून असतं. ट्रंकेतल्या कपड्यांसारखं."

सोमवारी पहिली उडी झाली. पडद्यावर तासभर एक गोल फिरत राहिला. वायऱ्यानं तीन कप चहा संपवला. डोळेवाली आरशासमोर बसून डोळ्यात औषध घालत होती. शेवटी कॉम्प्युटर उघडला, कार्डं उघडली, वायऱ्यानं स्वतःचीच पाठ थोपटली आणि गेला.

मंगळवारी सकाळी तिनं खात्री करायला एक नंबरचं कार्ड काढलं. "डोक्यात आहे." मग सहज, काही गळलं तर नाही ना म्हणून, 'जुनं'मधलंही काढून बघितलं. तिथं "डोक्यात आहे"च्या खाली आणखी मजकूर होता.

"सोमवार, ३:२०. बुबुळाची कड काळपट तपकिरी. गेल्या वेळी मी तीत शेंदरी घातला होता, ती माझी चूक. या वेळी घालायचा नाही. पांढऱ्यात पिवळा दोन थेंब जास्त, वय झालं पोरीचं. नाकाकडच्या बाजूला एक नवी शीर, रात्री जागते म्हणून."

तिनं दोनदा वाचलं. मग उठून आरशात उजवा डोळा बघितला. नाकाकडच्या बाजूला एक बारीक लाल शीर होती. सोमवारी तीन वाजून वीस मिनिटांनी ती याच आरशासमोर होती.

घाबरली की तिला राग यायचा. तिनं वायऱ्याला फोन लावला. "ही काय थट्टा आहे? मेलेल्या माणसाच्या नावानं?"

वायऱ्या अर्ध्या तासात आला. वाचलं. त्याच्या तोंडातला वात्रटपणा कुठच्या कुठे गेला. "ताई, आईची शपथ. मला शेंदरी आणि तांबड्यातला फरक कळत नाही, मी हे काय लिहिणार? आणि या फोल्डरमधला प्रोग्राम चालूच शकत नाही. त्यात कुणाला काही लिहिता येत नाही."

"मग लिहिलं कुणी?"

वायऱ्यानं गळ्यातली वायर काढली, परत घातली. "तारखेचा घोळ असेल. मामांनी पूर्वी कधी तरी लिहिलेलं वर आलं असेल." सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. शीर मात्र नवी होती, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

तिनं मेण बाजूला सारलं आणि कडेचा रंग मिसळला. शेंदरीशिवाय. अ‍ॅक्रिलिकच्या चकतीवर एक वळसा ओढला आणि चकती उजव्या डोळ्याशेजारी धरून आरशात बघितलं. रंग असा जुळला, की तिला एकदम रडू आलं.

बुधवारी दुसरी उडी. ती नको म्हणणार होती, पण पाचव्या आवृत्तीवर निम्मी कार्डं उघडेनाशी झाली होती, आणि चाळीस माणसं नव्या डोळ्याची वाट बघत होती. गोल फिरला. उडी झाल्यावर 'जुनं'च्या आत आणखी एक 'जुनं' दिसू लागलं, आणि कार्ड त्या आतल्यात होतं. नवा मजकूर आलेला होता, पण आक्रसलेला. लांबून हाक मारताना माणूस जेवढ्यास तेवढं बोलतो, तसा.

"बुधवार, ४:०५. कड बरोबर. ब्रश आडवा धरतेस."

ब्रश उभा धर, हे बाबा तिला वीस वर्षं सांगत आले होते. तिनं आडवा धरलेला ब्रश टेबलावर ठेवला. अंगावर काटा आला होता आणि तरी, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. सात महिन्यांत तिला कुणी रागावलं नव्हतं.

"शुक्रवारची उडी नको," तिनं वायऱ्याला सांगितलं. "ते लांब चाललेत. प्रत्येक उडीला."

"ताई, आठवी ही मधली पायरी. तिच्यावर राहता येत नाही. कॅमेरा तर चालणारच नाही." त्यानं चकतीकडे बोट दाखवलं. "आणि तुझ्याजवळ नुसती कड आहे. आतलं बुबुळ कुठून आणशील?"

हे खरं होतं. बुबुळाच्या आत, बाहुलीभोवती जी चांदणी असते, तिच्यावर सगळं असतं. ती चुकली की डोळा मेलेला दिसतो. दोन आठवडे उरले होते.

शुक्रवारी बरोबर बाराच्या ठोक्याला अकरावी आवृत्ती उघडली. पडदा स्वच्छ, निळा, नव्या दवाखान्यासारखा. कोपऱ्यात एक चौकट आली: "आधीची आवृत्ती दहा दिवसांनी आपोआप काढून टाकली जाईल." खाली एक बटण होतं, "मागे जा".

"दहा दिवसांत हे दाबलंस तर एक पायरी मागे जाशील," वायऱ्या म्हणाला. "नवी कार्डं, फोटो, सगळं जाईल. दहा दिवसांनी बटणही जाईल आणि 'जुनं'ही. सोमवारी दुपारी बारा. थांबवता येत नाही, कॉपीही होत नाही. मी करून बघितली. कार्ड येतं, पण त्यात 'डोक्यात आहे' एवढंच असतं."

कॅमेऱ्यानं फोटो छान काढला. पडद्यावर तिचा उजवा डोळा ताटाएवढा दिसला, आणि त्यावरून काढलेली चांदणी मातकट निघाली. तिनं पाच चकत्या रंगवल्या, पाचही टाकल्या. शनिवारी तीन 'जुनं' ओलांडून ती कार्डापाशी पोहोचली. तिथं तीनच शब्द होते.

"मध. थोडा. मध्ये."

बाबांच्या बाटल्यांत मधाच्या रंगाची एक बाटली होती, पिवळ्या मातीची, तळाशी सुकलेली. तिच्यातला रंग तिनं दोन थेंब तेलात भिजवला. सहावी चकती डोळ्याशेजारी धरली तेव्हा आरशात दोन डोळे तिच्याकडे बघत होते, दोन्ही तिचेच.

आता नुसतं ओतायचं, घासायचं, चकाकवायचं बाकी होतं. पण एक गोष्ट तिला झोपू देईना. बाबा बघतात कुठून? भिंतीवर त्यांचा फोटो होता. तिनं तो उतरवून कपाटात ठेवला. नोंदी येतच राहिल्या. कॅमेऱ्यावर फडकं टाकलं. तरी आल्या. आरसा झाकला, तेव्हा दिवसभर तिच्या डोळ्याबद्दल एक अक्षर आलं नाही. नुसतं "खिडकी", "जिना", "दूधवाली". त्या दिवशी ती जिथं जिथं गेली होती तिथलं सगळं, क्रमानं.

बुधवारी सकाळी तिनं सातवा डोळा काढला आणि धुवायला पांढऱ्या वाटीत मिठाच्या पाण्यात सोडला. सवयीनं पालथा. मग कॉम्प्युटर उघडला.

"१०:१५. पाणी. वाटीचा तळ. पांढरा."

खुर्ची मागे कलंडली. ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहून त्या वाटीकडे कितीतरी वेळ बघत होती. पाच वर्षं तो डोळा तिच्या खोबणीत होता. बाबांनी बनवलेला शेवटचा. तिला आत्तापर्यंत वाटत होतं, की डावीकडून तिला काही दिसत नाही, एवढंच. तिकडून दुसऱ्या कुणाला दिसत असेल, हे कुणाच्या मनात येईल?

मग तिनं तो उचलला, पुसला आणि परत घातला. घासत होता, दुखत होता. तिनं घातला. बाहेर जाऊन चौकापर्यंत उगाच चालून आली. बाबांना चालायला आवडायचं.

वायऱ्याला तिनं फोनवर सगळं सांगितलं. "ताई," तो म्हणाला, "तू तो काढ. नवा घाल. खोबण गेली तर मामांना काय वाटेल?" त्याच्या आवाजात भीती होती, पण बोलला ते शहाणपणाचं होतं, आणि वायऱ्याकडून शहाणपण ऐकायची तिला सवय नव्हती.

सोमवार उजाडला. नऊ वाजता तिनं नवा डोळा घातला. आठवा. तिनं स्वतः केलेला पहिला. तेवढ्यात दारावर गिऱ्हाईक आलं, एक निवृत्त मास्तर, ज्यांच्या डोळ्याला ओरखडा पडला होता. एका बाजूनं मास्तरांशी बोलत तिनं सातवा डोळा धुतला, पुसला, एक नंबरच्या खणात ठेवला आणि खण लावून टाकला. वीस वर्षांची सवय. मास्तरांचा डोळा चाकावर धरला, चकाकवून दिला, आणि ते गेले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते.

वायऱ्याचा फोन आला. "बाराला जाईल बघ. शेवटचं काही बघायचं असेल तर बघून घे."

तिनं कार्ड उघडलं.

"९:३५. अंधार."

"१०:२०. अंधार."

"११:१०. पोरगी कुठे?"

ती ओरडली की नाही, तिला आठवत नाही. खण तिनं असा ओढला की सगळाच बाहेर आला. आत सात डोळे होते, सातही पालथे. सहा लहानपणापासूनचे, लहान ते मोठे. सातवा तिनं उचलला, तळहातावर उताणा केला आणि धावत खिडकीपाशी आली. उत्तरेच्या उजेडात तो स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला.

"बाबा, हे बघा," ती म्हणाली. "हे बघा, मी इथेच आहे. नवा घातलाय. तुम्ही सांगितलात तसा केलाय." तिनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, लहानपणी पहिला डोळा बसवल्यावर बाबा तिची हनुवटी धरून वळवायचे, तशी. डोळे वाहत होते. दोन्ही. खोट्या डोळ्याच्या खोबणीतूनही पाणी येतं, हे लोकांना खरं वाटत नाही.

पडद्यावर एक ओळ उमटली.

"११:५२. दोन्ही सारखे."

मग, "हात बसला."

डोळा तळहातावर तसाच धरून तिनं दुसऱ्या हातानं ती चौकट उघडली. "मागे जा". एक पायरी मागे. बाबा एका 'जुनं'नं जवळ येतील, कदाचित तीन शब्दांचे पाच होतील. चाळीस माणसांची नवी कार्डं जातील. जाऊ देत. बाण बटणावर नेला. बोट ठेवलं.

"११:५७. नको. आता पालथा ठेव."

तिनं बोट उचललं. उचलताना ते दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं जड झालं होतं. बारा वाजले. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली, चौकट मिटली, आणि 'जुनं' नावाचं काही तिथं राहिलं नाही. कार्ड उघडलं तर अकराव्या आवृत्तीतलं उघडलं. "डोक्यात आहे." तिनं ते खोडलं आणि त्या जागी रंग लिहिला, थेंब मोजून, पुढं कुणाला तरी लागेल म्हणून.

मग तिनं खण जागेवर बसवला. सहा डोळे होते तसे पालथे राहू दिले. त्यांच्यातून कोण बघत असेल, हे तिला कळून घ्यायचं नव्हतं. सातवा हातात घेऊन ती मागच्या खोलीत बराच वेळ उभी होती. बाबांनी सांगितलं होतं, आणि बाबांचं तिनं जन्मात कधी मोडलं नव्हतं. पण अंधारात कुणी तिचं नाव काढून शोधत राहावं आणि ते सांगायलाही त्याला जागा उरू नये, हे तिच्यानं होईना.

महिन्याभरानं मास्तर परत आले, तेव्हा रंगाच्या टेबलावर, आरशाशेजारी, एका छोट्या वाटीत एक डोळा ठेवलेला त्यांना दिसला. स्वच्छ पुसलेला, बुबुळ पुढं, थेट तिच्या खुर्चीकडे.

"हा उताणा कसा?" मास्तर म्हणाले. त्यांना नियम माहीत होता, तीस वर्षं येत होते.

"उताणे ठेवले की बघत बसतात," डोळेवाली म्हणाली, आणि तिनं ब्रश उभा धरला.